हाईगुहीचा डबा

...तर केक टेबलावर मधोमध ठेवलेला, त्यावर गुलाबी क्रीमनं ‘हॅपी बर्थडे मुअल्लिम’ लिहिलेलं, हारून मेणबत्ती पेटवतोय, ट्रकवाले टाळ्या वाजवतायत, आणि समोर साहाग उभा, हातात गव्हानं माखलेला लाकडी दांडा. काल आपण इथंच थांबलो होतो आणि तुम्ही सगळे पोट धरून हसत झोपायला गेलात. आज पुढचं ऐका. हसू कुठं थांबवायचं ते सांगावं लागणार नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. रियाधमध्ये अल सुलै म्हणून भाग आहे. नुसती गोदामं, ट्रकचे तळ, लोखंडाचे ढीग आणि धूळ. तिथल्या एका आवारात भिंतीला भिंत लागून दोन दुकानं. एक हारूनचं, ट्रकच्या सुट्या भागांचं. हारून आपल्या रायगडातल्या म्हसळ्याचा. बायको जुबेदा आणि कॉलेजात जाणारी मुलगी इकरा यांच्यासह कित्येक वर्षं तिथंच. बोलघेवडा, उत्साही, कुणाचं लग्न असो की कुणाचा इकामा, म्हणजे तिकडचा राहण्याचा परवाना, रिन्यू झालेला असो, मिठाई आणायला पहिला. दुसरं दुकान साहागचं, लेथचं. साहाग आर्मेनियन. जन्म अलेप्पोचा, पासपोर्ट सीरियाचा. लढाईत त्याचा तिथला कारखाना गेला, तेव्हा हा रियाधला आला. झिजलेला शाफ्ट त्याच्याकडं द्यावा आणि नव्यासारखा परत न्यावा. उस्ताद कारागिराला तिकडं मुअल्लिम म्हणतात. अख्खं आवार त्याला त्याच नावानं हाक मारी. बोलणं मात्र कमी. लेथ बोलेल तेवढं पुरे, असा माणूस.

हा माणूस दरवर्षी एप्रिलच्या चोवीस तारखेला एक मोठी डेग चढवायचा. सोललेला गहू आणि मटण, आदल्या संध्याकाळपासून मंद आचेवर. सकाळी दांड्यानं घोटायचं, इतकं की गहू कुठला आणि मांस कुठलं ते कळू नये. मग सात डबे भरायचे आणि शेजारीपाजारी वाटायचे. एक डबा न चुकता हारूनकडं. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. जुबेदा त्या डब्यात सांदणं भरून पाठवायची. तांदळाची, नारळाच्या रसातली, लुसलुशीत. साहाग डबा घ्यायचा, मान हलवायचा, आत जायचा.

आता हारूनची अक्कल बघा. त्यानं हिशेब मांडला. रमजान दरवर्षी अकरा-बारा दिवस मागं सरकतो, ईद सरकते, मोहर्रम सरकतो. साहागची डेग मात्र जागची हलत नाही. रमजान सरकत त्या तारखेवर आला, त्या वर्षांत साहागनं डबे इफ्तारीला वाटले, पण तारीख तीच. मग इंग्रजी तारखेला दरवर्षी चिकटून बसणारी खुशी कुठली? वाढदिवस! झालं. हारूननं बेकरीत केक सांगितला, आवारातली माणसं गोळा केली आणि दोन हजार चोवीसच्या एप्रिलात हा सोहळा मांडला.

साहागनं केककडं पाहिलं. “कुणाचा?” एवढंच विचारलं.

“तुझा, मुअल्लिम! इतकी वर्षं लपवलंस, पण आम्ही शोधून काढलं!” हारूननं रमजानाचा तो सगळा हिशेब मोठ्या अभिमानानं ऐकवला. कुणीतरी शिटी मारली.

साहागनं जळती मेणबत्ती चिमटीत धरली आणि चुरडली. नुसत्या बोटांनी. मग तो इतक्या मोठ्यानं ओरडला की रस्त्यापलीकडचा पहारेकरी उठून उभा राहिला.

“या डेगीत माझी मेलेली माणसं आहेत! तुम्ही त्यांच्यावर मेणबत्ती लावता? टाळ्या वाजवता? गिळा! दरवर्षी गिळता तसं गिळा आणि ढेकर द्या!”

दांडा त्यानं जमिनीवर आपटला, आत गेला आणि धाडकन शटर ओढलं. केक उन्हात वितळत राहिला. ट्रकवाले एकेक करून पांगले.

हारून घरी आला तो नुसता धुमसत. “मी काय पाप केलं? प्रेमानंच केलं ना? चार लोकांत तोंडावर थुंकल्यासारखं केलं त्यानं!”

जुबेदानं पानात भाकरी वाढली. “इकराचे अब्बा, एक विचारू? एवढी वर्षं त्याच्या हातचं जेवलात. का करतो, ते विचारलंत कधी?”

“त्यानं सांगायला नको?”

“आपण मोहर्रमला खिचडा वाटतो. गहू आणि मटणच असतं ना त्यात? तेव्हा कुणी फुगे घेऊन दारात आला तर?”

हारूनचा घास तिथंच थांबला. इकरानं तोवर फोनवर तारीख टाकून पाहिली होती. तिचा चेहरा उतरला. “अब्बा,” ती म्हणाली, “एकोणीसशे पंधरा साली याच दिवशी त्यांच्या लोकांना उचलायला सुरुवात झाली. तुर्कस्तानात. लाखो माणसं मारलीयत. यू सँग हॅपी बर्थडे?”

“गाणं अजून सुरू झालं नव्हतं,” हारून म्हणाला. आणि आपण काय बोललो ते कळून पानावरून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहागच्या दुकानात गेला. लेथ चालू होता, पोलादाचे निळे वेटोळे खाली पडत होते. हारून स्टुलावर बसला. साहागनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

“मुअल्लिम, मला माहीत नव्हतं.”

“माहीत होतं.” साहागनं लेथ बंद केला. “पहिल्या वर्षी मी डेग केली, तेव्हा इथं उभं राहून सगळ्यांना सांगितलं. तू होतास. तू म्हणालास, अल्ला रहम करो. मग म्हणालास, अजून थोडं वाढ.”

हारूनला आधी काहीच आठवेना. मग ती दुपार आठवली, डब्याची चव आठवली, आणि आपलंच ते वाक्यही आठवलं. त्याच्या कानशिलांवर रक्त चढलं. साहाग खोटं बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला. “आता सांग.”

आणि साहागनं सांगितलं. त्याची आजी नेवार्त, तुर्कस्तानातल्या मरश नावाच्या गावची. आठ भावंडं. घरात तांब्याची भांडी घडवायचा धंदा, अंगणात तुतीचं झाड. हुकूम आला की सगळ्या आर्मेनियनांनी गाव सोडायचा. बाप आणि थोरला भाऊ यांना वेशीबाहेर वेगळं काढलं, ते परत दिसले नाहीत. बाकीच्यांना वाळवंटाकडं चालत नेलं. चालता चालता एकेक जण संपवला गेला. कुणी संगिनीनं, कुणी उपासानं. धाकटी हाईगुही, चार वर्षांची. ती सारखी विचारायची, आपल्या मांजरीला कोण खाऊ घालत असेल? एका नदीच्या काठावर सगळ्यांना बसवलं आणि शिपायांनी पाण्यापुढं पहारा लावला. पाणी समोर वाहतंय, दिसतंय, ऐकू येतंय, आणि कुणाला पिऊ देत नाहीत. हाईगुहीनं तिथंच जीव सोडला. नेवार्त तेवढी उरली. तिला पुढं एका भटक्या अरब बेदुइन कुटुंबानं तंबूत घेतलं, म्हणून तिचा नातू आज रियाधमध्ये लेथ चालवतोय.

“लोक मला सांगतात, लढाईत असं होतं,” साहाग म्हणाला. “हारून, लढाईत दोन्हीकडं बंदुका असतात. चार वर्षांच्या पोरीकडं काय होतं? मांजर!”

सीरियातल्या दैर एझ-झोरला, जिथं हा सगळा तांडा मरायला सोडला होता, तिथं आर्मेनियन लोकांनी चर्च बांधून हाडं जपून ठेवली होती. दर चोवीस एप्रिलला अलेप्पोहून बसगाड्या भरून जायच्या. साहाग लहानपणापासून जायचा. तिथल्या एका टेकडीवर बोटानं माती उकरली तरी हाड हाताला लागायचं. दोन हजार चौदा साली लढाईत अतिरेक्यांनी ते चर्चही सुरुंग लावून उडवलं. माणसं मारली, मग त्यांची हाडंसुद्धा उडवली! त्याच्या पुढच्या एप्रिलपासून साहागनं इथं डेग चढवायला घेतली, कारण जायला आता जागाच उरली नव्हती. त्यांच्या लोकांत मेलेल्यांच्या नावानं असं अन्न रांधून सात घरी द्यायची रीत आहे. त्यात पाद्र्यानं मंतरलेलं मीठ घालतात. ते कुणी ना कुणी बैरूतहून आणून देई.

“सात डबे, सात भावंडं,” साहाग म्हणाला. “मीठ टाकताना आजी आणखी एक नाव घ्यायची. एमिने. तुर्की शेजारीण. हुकूम आल्यावर तिनं आजीला दोन दिवस धान्याच्या कोठीत लपवलं होतं. नवऱ्यानं बघितलं, मग बाहेर काढावं लागलं. पण दोन दिवस लपवलं. आजी कुणाचंही देणं विसरायची नाही.”

“आणि माझ्याकडं येतो तो डबा?” हारूननं हळूच विचारलं.

“हाईगुहीचा.”

हारून बाहेर आला आणि आपल्या दुकानात न जाता सरळ घरी गेला. जुबेदाला सगळं सांगितलं. चार वर्षांच्या पोरीच्या नावचं आपण दरवर्षी मिटक्या मारत खाल्लं, आणि बदल्यात सांदणं पाठवली.

जुबेदा डोळे पुसून म्हणाली, “आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात की. मशिदीला डेग दिली तरी मयताचं नाव कोरून देतात. जेवणारा वाचतो. याच्या डब्यांवर नुसतं ॲल्युमिनियम. कुणाला कसं कळावं?”

हे मात्र हारूनला पटलं आणि तो कामाला लागला. बथाच्या बाजारातून त्यानं सात स्टीलचे डबे आणले, जाड, झाकणाचे. भागांवर नंबर कोरायचं विजेचं पेन साहागकडं होतंच. पहिला डबा पुढं ठेवला तेव्हा साहाग रागावला. “भांडी विकायला बसलास?” पण जुबेदाचा निरोप ऐकल्यावर त्यानं पेन हातात घेतलं. केसभर फरक नुसत्या बोटानं ओळखणारा तो माणूस, त्याला पहिलं अक्षर धड कोरता येईना. तीनदा पेन खाली ठेवलं. शेवटी सातही नावं आर्मेनियन लिपीत उमटली. बेद्रोस, सिरानूश, मानूग आणि बाकीचे. खाली अरबीत. हाईगुहीच्या डब्यावर मात्र हारूननं हट्टानं तिसरी ओळ कोरली, आपल्या मराठीत. अक्षर वाकडं, पण ठळक. “जुबेदाला वाचता आलं पाहिजे,” म्हणाला.

पुढचा एप्रिल जवळ आला. आणि इथं फहाद आला. आवाराच्या मालकाचा मुलगा. वाईट माणूस नव्हे, हसतमुख, भाडं थकलं तरी आवाज न चढवणारा. त्यानं हारूनला बाजूला घेतलं.

“हारून, खुशखबर. मागचं सगळं गोदाम एक ट्रान्सपोर्ट कंपनी घेतेय. त्यांचा ट्रकचा ताफा इथंच उभा राहणार. फिल्टर, ब्रेक, सगळं तुझ्याकडून. शाफ्टची कामं मुअल्लिमला. मॅनेजर जागा बघायला येतोय. चोवीस तारखेला.”

“माशाल्ला!”

“मॅनेजर तुर्की आहे.”

हारूननं साहागच्या दुकानाकडं पाहिलं.

“डेग होऊ दे,” फहाद म्हणाला. “त्यालाही खाऊ घालू. फक्त ते डबे नकोत, ती नावं नकोत. मी कागदी वाट्या आणतो. जुन्या गोष्टी माझ्या आवारात नकोत, बस. एकच वर्ष. तुझं ऐकतो तो, तू सांग त्याला. यल्ला, खलास.”

हारूननं साहागला सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचा, आज सांगतो. रोज चहा पिऊन परत यायचा. दुकानाला ते गिऱ्हाईक हवं होतं, इकराची फी होती, सगळं होतं. जुबेदा रोज एकच प्रश्न विचारायची. “सांगितलंत?” “नाही.” “सांगणार?” “बघू.” शेवटी ती चिडून म्हणाली, “तुमचं बघू म्हणजे काय, ते मला माहितेय. त्या पोरीला पुन्हा पाण्यापुढं बसवणार तुम्ही.” त्या दिवशी हारून जेवला नाही.

चोवीस तारीख उजाडली. डेग घोटून तयार होती, सात डबे पुसून ओळीनं मांडलेले. इतक्यात फहाद कागदी वाट्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि त्यानं तो डब्यांसमोर ठेवला.

साहागनं वाट्यांकडं पाहिलं. फहादकडं पाहिलं. मग हारूनकडं.

“तुला ठाऊक होतं.”

हारूननं मान खाली घातली.

“वा,” साहाग म्हणाला. “मागच्या वर्षी माहीत नव्हतं म्हणून केक आणलास. या वर्षी माहीत आहे म्हणून कागद आणलास. मागचंच बरं होतं, हारून.”

“मुअल्लिम, धंद्याचा प्रश्न...” फहाद मध्ये पडला.

“डेग ट्रकखाली ओतीन! पण बिनानावाचं वाढणार नाही!”

आवाराच्या फाटकातून तेवढ्यात पांढरी गाडी आत आली. मॅनेजर उतरला. नेजात बे, म्हणजे तुर्कीत नेजातसाहेब. चाळिशीचा, नीटनेटका, अदबीचा. फहादनं धावत जाऊन सलाम केला. डेगीचा वास सगळीकडं सुटलेला. नेजात बेनं खोल श्वास घेतला आणि चेहरा फुलला. “हे काय शिजवलंय? केश्केक? माझी आजी करायची!”

फहादनं झटकन एक कागदी वाटी उचलली. पण त्याच्या आधी हारून पुढं झाला. त्याच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं ते त्याला आजही नीट सांगता येत नाही. जुबेदाचं वाक्य कानात वाजत होतं एवढंच म्हणतो. त्यानं हाईगुहीचा डबा उचलला, डेगीतून पळी भरून वाढली आणि डबा नेजात बेच्या हातात दिला.

नेजात बे उभ्यानंच खाऊ लागला. डोळे मिटून. “अगदी तीच चव! आमच्या गावी लग्नात करतात. इथं कुणाचं लग्न?” आणि डबा फिरवता फिरवता त्याला अक्षरं दिसली. “हे नाव कुणाचं?”



“वाढदिवस आहे,” फहाद हसत म्हणाला. “आपल्या मुअल्लिमचा वाढदिवस!”

झालं! स्वतःचीच मूर्ख चूक दुसऱ्याच्या तोंडी खोटं होऊन परत आली, ती हारूनला सहन झाली नाही. तो असा उसळला की त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

“वाढदिवस नाही! खोटं आहे ते! त्या गाढवपणाचा बाप मी आहे, मला विचारा! हा डबा हाईगुहीचा आहे. चार वर्षांची होती. मरशहून हाकलून नेली. नदीसमोर बसवून पाणी दिलं नाही तिला, साहेब. पाणी! तिची मांजर होती घरी. आणखी सहा डबे आहेत, तेही सांगतो, बसा!”

फहादनं कपाळाला हात लावला. ट्रकवाले जागच्या जागी उभे. नेजात बेचा चमचा डब्यातच राहिला. तो लाल झाला, मग पांढरा पडला. डबा खाली ठेवावा की धरावा, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी तो साहागकडं वळला. आवाज मवाळ होता, पण त्यातला कंटाळा लपत नव्हता.

“उस्ता, वाईट काळ होता तो. सगळ्यांचीच माणसं मेली. माझ्या पणजोबांचे भाऊही परत आले नाहीत. शंभराच्या वर वर्षं झाली. मी काही केलेलं नाही, तुम्ही काही पाहिलेलं नाही. आता तुम्हाला नक्की हवंय तरी काय?”

साहाग पुढं आला. दांडा त्यानं डेगीला टेकवून ठेवला, हात फडक्याला पुसले. ओरडला नाही. आणि जे बोलला ते हारूननं शब्दन् शब्द सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो:

“काय हवंय? मरशमधलं घर हवंय, अंगणातल्या तुतीसकट. ज्यांनी हुकूम काढले त्यांच्या नावाचे रस्ते आहेत तुमच्याकडं, त्या पाट्या उतरवलेल्या हव्यात. माझी सात माणसं हवीत. यातलं काही तुझ्या खिशात नाही, ते मला कळतं. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. पण डबा तुझ्या हातात आहे आणि अर्धा तू खाल्लायस. त्यातलं मीठ मी तुमच्या एमिनेचं नाव घेऊन टाकलंय, तेव्हा माणूस ओळखायला मला शिकवू नकोस. या हारूनला तिचं नाव धड म्हणता येत नाही, तरी तो म्हणाला. आता तू म्हण. हाईगुही. आणि मग त्याच तोंडानं म्हण, हिला आमच्या लोकांनी मारलं. वाईट काळानं नाही, माणसांनी. एवढं म्हण आणि उरलेलं पोटभर खा, मी स्वतः आणखी वाढीन. तोवर तो लेथ बंद आहे, आणि तुझ्या ट्रकचा एकही शाफ्ट माझ्या हाताखालून जाणार नाही.”